पुलापलीकडचा कझिन

मंगळवार, १४ ऑक्टोबर

रोजनिशी पुन्हा सुरू. मनातलं बोलायला घरात कोणी उरलेलं नाही. एस्नार्ट परवापासून माझ्याशी फक्त "वाढलंय" एवढंच बोलते. नवरा-बायकोत एवढा अबोला बरा नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "वाढलंय."

लॉजच्या फाटकावरचा बोर्ड उतरवला. मी नाही, तिने. "बी. कसोंडे, एन्ट्री आणि व्हिसा सल्लागार, पर्यटकांना मोफत." निळ्या रंगात स्वतः रंगवला होता. आता तो कोंबड्यांच्या खुराड्यावर उलटा टाकलाय.

एवढं झालं काय? तो बेल्जियन पोरगा. त्याच्या पासपोर्टात अर्धंच पान कोरं होतं. मी म्हटलं, अर्धं पान म्हणजेसुद्धा पानच, जा बिनधास्त. नदीपलीकडच्या इमिग्रेशनवाल्यांनी पुलावरून परत पाठवला. भर उन्हात सॅक घेऊन चालत आला आणि रात्रभर आमच्या सोफ्यावर झोपला, फुकट. एस्नार्टला ते फुकट लागलं. मला लागलं ते वेगळंच. जाताना तो मला "थँक यू सर" म्हणाला आणि पाहिलं मात्र दुसरीकडेच.

संकल्प: रोज सकाळी तासभर नियम वाचायचे.

बुधवार, १५ ऑक्टोबर

नियम उद्यापासून. आज उकाडा फार.

ऑक्टोबर हा आमच्या धंद्याचा वैरी. नदी आटते आणि आमच्या बाजूच्या कड्यावर नुसता काळा दगड उरतो. लॉजचं नाव "गर्जना". पाहुणे कड्यावर उभे राहतात आणि विचारतात, पाणी कुठाय? मी बोटाने झिंबाब्वे दाखवतो. पाणी सगळं तिकडच्या बाजूला. बोट दाखवणं सोपं, नेणं अवघड. मध्ये पूल आणि पुलाच्या दोन्ही टोकांना इमिग्रेशन.

स्वीडनहून एक म्हातारं जोडपं शनिवारी येणार. बाईंचं नाव सिग्ने. एस्नार्टने त्यांचा ईमेल जेवताना मोठ्याने वाचला (माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी). बाईंची नजर जात चाललीय. डॉक्टर म्हणालेत, जे बघायचं ते या वर्षात बघून घ्या. त्यांनी आमचा धबधबा निवडला. वाचताना एस्नार्टचा आवाज जरा हलला. मग म्हणाली, तेही स्वतःशीच, यांना गावातल्या गाईड कंपनीबरोबर पाठवू.

म्हणजे मी काय मेलोय? तसं विचारलंही. मी मेलेलो नाही, तेव्हा मीच नेणार.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

नियम वाचले. दीड पान. मग डोळा लागला.

पण झोपेतून उठताना एक विचार स्पष्ट झाला, तो लिहून ठेवतो. नियम वाचणारे खूप असतात, माणसं ओळखणारे थोडे. आम्ही बेम्बा जमातीचे आणि ते देशाच्या पूर्वेकडचे, आम्ही एकमेकांचे कझिन. रक्ताचे नव्हे, थट्टेचे. आमच्या पणज्यांनी एकमेकांची डोकी फोडली, मग तह केला, तेव्हापासून भाला बंद आणि जीभ चालू. पूर्वेकडचा दिसला की मी त्याला उंदीरखाऊ म्हणायचं, त्याने मला माकडखाऊ. बाजारात, बँकेत, अगदी मयतीतसुद्धा. रागवायचं नाही. रागावला तोच हरला.

आणि इमिग्रेशनच्या खिडकीत बसतं कोण? हमखास पूर्वेकडचं कोणीतरी. आमच्या बाजूला न्गोमाबाई आहेतच. म्हणजे बॉर्डर घरचीच. बेल्जियनच्या वेळी मी स्वतः गेलो नव्हतो, चूक तिथे झाली. हे एस्नार्टला पटवून द्यायला गेलो. ती तांदूळ निवडत होती. खडा सापडल्यावर माझ्याकडे बघितलं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

पाहुणे आले. टोर्स्टेनसाहेब उंच आणि अबोल, पाण्याच्या बाटल्या त्यांच्याकडे. सिग्नेबाई एवढ्याशा. चष्म्यावर काळा चष्मा. आंबा हातात दिला तर नाकाजवळ नेऊन, एका डोळ्याने, कितीतरी वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, याच्या बुडाशी लाल आहे. होतं.

संध्याकाळी ओट्यावर एस्नार्टबरोबर शेंगा सोलत बसल्या. एस्नार्टने नेसलेल्या कापडाचा रंग ओळखायचा खेळ चालला होता. दोन बरोबर आले, एक चुकला. चुकलेला एस्नार्टने बरोबर म्हणून सांगितला.

त्यांचं विमान मंगळवारी सकाळी. एस्नार्ट म्हणाली, "चोलाचे बाबा, उद्याच घेऊन जा. काही अडलं तर सोमवार हाताशी राहील." (सहा दिवसांत माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य.) मी म्हटलं, रविवारी गर्दी असते, बाईंना त्रास होईल, शिवाय न्गोमाबाईंची ड्युटी सोमवारी आहे. सगळी कारणं खरी आहेत. रविवारी मॅच आहे हेही खरं आहे, पण ते सांगायची गरज पडली नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

मॅच हरलो.

सोमवार, २० ऑक्टोबर. सकाळ

संकल्प: उन्हाच्या आत निघायचं.

शर्टाला इस्त्री नव्हती. मग पासपोर्ट सापडेना (माझा). पाहुणे टोप्या घालून फाटकाशी उभे. टॅक्सीवाला मुबिता हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि बॉनेटवर बसून ऊस खात राहिला. तो लोझी आणि एस्नार्ट टोंगा, म्हणजे ते दोघेही आपसात कझिन. ती त्याला म्हणाली, गाई चोरायला तुमचे लोक बरे पहाटे उठतात. तो म्हणाला, ताई, आज तुमच्या नवऱ्याला चोरायचा होता, पण तोच उठेना. सिग्नेबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. बघा, थट्टेने माणूस कसा मोकळा होतो.

निघतोय. ऊन चढलंय, पण दिवस अजून मोठा आहे.

त्याच दिवशी. दुपार

पलीकडच्या इमिग्रेशनच्या आतल्या खोलीत बसलोय. काळजीचं काही कारण नाही. वही खिशात होती म्हणून लिहितोय.

आमच्या बाजूला काम झकास झालं. न्गोमाबाईंनी मला बघितलं आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "या माकडखाऊबरोबर चाललात? पुलावर भूक लागली तर तुम्हालाच खाईल." मी म्हटलं, यांना दोन वाळके उंदीर द्या, शिक्का आपोआप पडेल. खिडकीमागची सगळी माणसं हसली. सिग्नेबाईंनी टाळ्या वाजवल्या. टोर्स्टेनसाहेबसुद्धा हसले, म्हणजे त्यांचे दात दिसले.

तिथून पूल चालत आलो. बाईंनी माझा दंड धरला होता. माझा ऊर भरून आला होता, हे कबूल करतो. वाटलं, एस्नार्टने आता बघावं.

पलीकडच्या खिडकीत तरणा ऑफिसर. बिल्ल्यावर नाव: साकाला. साकाला! अस्सल पूर्वेकडचं नाव. परमुलखात सख्खा कझिन. मला भडभडून आलं. इथला व्हिसा खिडकीवरच मिळतो, तेव्हा त्याने पाहुण्यांचे पासपोर्ट घेतले आणि मला विचारलं, हे तुमचे कोण?

मी म्हटलं (इंग्रजीत, पाहुण्यांनाही मजा यावी म्हणून), "अरे उंदीरखाऊ, आमच्या भीतीने पळालेला तुझा आजा इथे येऊन लपला होय? मार शिक्का लवकर. ही म्हातारी मी पळवून आणलीय. विकली की अर्धे तुझे."

त्याने हातातला शिक्का खाली ठेवला. म्हणाला, पुन्हा सांगा.

मी पुन्हा सांगितलं. जरा मोठ्याने, आणि थोडी भर घालून.

मग दोन जण आले आणि मला इथे आणून बसवलं. काय अभिनय आहे पठ्ठ्याचा! चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आमच्याकडचे कझिन शेवटी हसून फेकतात, हा मात्र मुरलेला. मी दारातून त्याला म्हटलं, मानलं बुवा, तू जिंकलास. तो जबाब लिहीत होता, तो लिहीतच राहिला.

त्याच दिवशी. अजून दुपारच

पाहुण्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलंय. काचेतून दिसतं. सिग्नेबाईंना एक ऑफिसरबाई हळू आवाजात विचारतायत. या माणसाला कधीपासून ओळखता? पैसे दिलेत का? पासपोर्ट तुमच्याजवळच होता ना? बाई सारख्या माझ्या दिशेने हात करून काही तरी सांगतायत. हात भलत्याच भिंतीकडे जातोय.

थट्टा थोडी लांबली असं वाटतं. साकाला आत आला तेव्हा मी म्हटलं, कझिन, पुरे आता, म्हातारीला धबधबा बघायचाय.

तो म्हणाला, "कोणाचा कझिन?"

हसलो. खोलीत हसणारा मी एकटाच होतो.

त्याच दिवशी. संध्याकाळ, घरी

मोठे साहेब आले. त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी हळू आवाजात. ते माझ्याहून लहान असतील. म्हणाले, माणसं पळवून विकणं हा तुमच्याकडे विनोद आहे का? आम्ही इथे खरोखरच्या पळवलेल्या मुली अडवतो. मी मास्तर होतो, तीस वर्षं शाळेत मुलांना असंच उभं करून विचारत आलो. आज मला कळलं की तेव्हा पायांचं काय करावं ते समजत नाही.

पाहुण्यांची त्यांनी माफी मागितली आणि व्हिसा दिला. पण व्हिसा हातात पडेपर्यंत धबधब्याचं फाटक बंद झालं होतं.

माझा पासपोर्ट द्यायला साकाला आला. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहितो. लिहायला नको वाटतंय.

"सर, माझा आजा तिकडून खाणीत कामाला आला. बाप इथे जन्मला, मीही इथेच. शाळेत मला याच शब्दाने हाक मारायचे. डबा उघडला की वर्ग हुंगायला यायचा. हा युनिफॉर्म अंगावर आल्यापासून तो शब्द बंद झाला होता. तुमच्याकडे ती गंमत असेल. पण तुम्हाला उलटून काय म्हणायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही."

माकडखाऊ म्हणायचं, बाबा. एवढंच म्हणायचं असतं. हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. शरमेने बाहेर पडलं नाही.

परतताना पुलावर अंधारून आलं होतं. सिग्नेबाई कठड्याला धरून थांबल्या. त्या उजेडात त्यांना काहीच दिसत नाही. दरीतून आवाज येत होता. तिकडे कान करून म्हणाल्या, मोठा असणार, आवाजावरून अंदाज येतो. आणि मग त्यांनी माझे आभार मानले. म्हणाल्या, तुम्ही एवढे कष्ट घेतलेत. त्यापेक्षा मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी एस्नार्ट मक्याच्या न्शिमाचं भांडं झाकून बसली होती. तिने बाईंना विचारलं, बघितलं का? बाई म्हणाल्या, ऐकलं. एस्नार्टने माझ्याकडे बघितलं नाही. बाईंना शेजारी बसवलं, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि पाऊसकाळानंतर नदी भरलेली असते तेव्हाचा धबधबा सांगत बसली. पाणी कसं वाकतं, तुषार किती वर चढतात, इथे अंगणात वाळत टाकलेले कपडे कसे सुकत नाहीत. टोर्स्टेनसाहेब तोंड फिरवून बसले होते.

मी बाहेर, कोंबड्यांजवळ.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

पाहुणे गेले. जाताना टोर्स्टेनसाहेबांनी हात मिळवला. माझाच हात हलका पडला.

शांतपणे विचार करता चूक एकट्या माझी नाही. नदीच्या मधोमध रेघ ओढणाऱ्या इंग्रजांचीही आहे. माणसं पूर्वेकडून दोन्ही बाजूंना गेली, रेघ मागून आली. शिवाय तसली नावं बिल्ल्यावर लावायची आणि वर कोणी ओळख दाखवू नये म्हणायचं, हे कसं? भूगोलाचा कोणीही मास्तर हेच सांगेल.

हे मी जेवताना सांगितलं. एस्नार्ट ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

दोन रात्री झोप नाही. डबा हुंगायला येणारा वर्ग डोळ्यांसमोर येतो. माझ्या वर्गातही एक पूर्वेकडचा मुलगा होता, त्याला मी हजेरीत रोज उंदीर म्हणायचो. तो हसायचा. हसायचा, हे नक्की आठवतंय. पुन्हा पुन्हा आठवून बघतोय.

प्लॅन तयार. माफी मागायची, पण रीतीप्रमाणे. कझिनशी बिनसलं तर भेट घेऊन जायचं असतं. चांगले वाळवलेले, खारवलेले उंदीर, एक जुडी. म्हणजे त्याला कळेल की आपण त्याला आपला मानतो.

कुठे चांगले मिळतील ते विचारायला बाजारात न्गोमाबाईंना गाठलं. त्या टोमॅटो निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. टोमॅटो परत ठेवला.

"कसोंडे," त्या म्हणाल्या, "मी तुला माकड म्हणते कारण तू मला उंदीर म्हणू शकतोस. त्या पोराच्या हातात काय आहे? आणि त्याच्या खिडकीवर उंदरांची जुडी ठेवणार आहेस, सगळ्या लायनीसमोर?"

मी म्हटलं, मग काय नेऊ? म्हणाल्या, रिकामे हात ने. माफ कर म्हण आणि परत ये.

एवढं साधं असतं तर मला सुचलं नसतं का.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आमचा स्वातंत्र्यदिन. पुलावर गर्दी असणार. आज जाणं योग्य नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

त्याची सुट्टी असू शकते. उगाच हेलपाटा कशाला.

रविवार, २६ ऑक्टोबर

चर्चमध्ये प्रवचन नेमकं जिभेवर होतं. पाद्रीसाहेबांच्या कानावर गेलेलं दिसतंय. मुबिताने गावभर केलं असणार. बाहेर पडताना त्याला जाब विचारला. तो म्हणाला, मी फक्त टॅक्सी स्टँडवर सांगितलं.

मॅच होती. लावली नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

केस कापले. माफीचं भाषण तयार: आधी आमच्या थट्टेचा इतिहास, मग भूगोल, मग माझी शिक्षकी सेवा, मग खेद. मागच्या अंगणात म्हणून बघितलं. खेदापर्यंत येता येता कोंबड्या पांगल्या.

एस्नार्ट दारात उभी होती, कधीपासून ते माहीत नाही. म्हणाली, "भाषण नको. माझी चूक झाली, एवढंच म्हणा. माझ्यासाठी नाही, त्या मुलासाठी. आणि उद्या जाणार नसाल तर परत मला सांगू नका, की जाणार आहे."

पुढे म्हणाली, सिग्नेबाई सुखरूप पोचल्या. तुम्हाला नमस्कार कळवलाय.

उद्या. नक्की. तीन शब्द. माझी, चूक, झाली. घोकायचीसुद्धा गरज नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

गेलो.

इस्त्रीचा शर्ट. रिकामे हात. पुलावर एकदाही थांबलो नाही. लाईन मोठी होती, पुढे सगळे गोरे, कॅमेरेवाले. वळून जाता आलं असतं. वळलो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

खिडकीत साकालाच. मी पासपोर्ट सरकवला. त्याने उघडला, नाव वाचलं, वर बघितलं. ओळखलं. त्याचा चेहरा आधी होता तसाच राहिला, पण टेबलावरचा डावा हात त्याने मांडीवर घेतला. मी तोंड उघडलं. तो काही वेळ वाट बघत होता, हे मला दिसलं. मागच्या माणसाने घसा खाकरला.

मग त्याने सगळ्यांना विचारतात तेच विचारलं.

"येण्याचं कारण?"

मी म्हणालो, "पर्यटन."

"किती दिवस?"

"आज संध्याकाळपर्यंत."

त्याने शिक्का मारला. "वेलकम, सर," म्हणाला आणि माझ्या मागच्याला हात केला.

शिक्का पडल्यावर तिथे उभं राहता येत नाही. पुढे जावं लागतं. पुढे धबधब्याचं फाटक होतं. तिकीट काढलं. कड्यापर्यंत गेलो. एवढं पाणी होतं की समोरचं काही दिसेना, चष्मा पुसायचा आणि पुन्हा भिजायचा. एका जोडप्याने फोन हातात दिला, त्यांचा फोटो काढून दिला. परतताना खिडकीत दुसरा कोणीतरी होता.

घरी आलो तेव्हा एस्नार्ट फाटकातच उभी होती. बोललात का, म्हणून विचारलं.

मी म्हटलं, पाणी खूप आहे तिकडे.